चौतीस तारांची हौस

आयर्लंडच्या प्रत्येक युरो नाण्यावर एक हार्प असते. तिचं मूळ म्हणजे विलोच्या लाकडाची एक मध्ययुगीन हार्प. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने ती जपून ठेवली आहे. वाद्याला राष्ट्रचिन्हाचा मान देणाऱ्या या शहरात मी नोकरीनिमित्त आले आणि चाळिशी उलटल्यावर हार्प शिकू लागले. माझं माहेर मिरजेचं, सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांच्या गावचं. वाजवण्याआधी वाद्य लावायचं असतं, हा संस्कार तिथलाच.

हार्प म्हटलं की ऑर्केस्ट्रातलं माणसाएवढं वाद्य डोळ्यांसमोर येतं. त्याला ४७ तारा आणि सात पेडल असतात. माझी आहे ती लीव्हर हार्प. तिला ३४ तारा आहेत, ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मावते आणि मला एकटीला उचलता येते. मांडीवर घेऊन वाजवण्याजोगी, २२ किंवा २६ तारांचीही मिळते.

वाद्य उजव्या खांद्याला टेकवायचं आणि दोन्ही बाजूंनी हात तारांवर न्यायचे. करंगळी वापरत नाहीत. बोट आधी तारेवर ठेवायचं, मग छेडायचं आणि छेडून झालं की तळहाताकडे मिटायचं. ‘सी’च्या तारा लाल आणि ‘एफ’च्या निळ्या किंवा काळ्या असतात, त्यामुळे नजरेला खुणा सापडतात. छेडलेली तार बराच वेळ घुमते. सूर एकमेकांत मिसळून गढूळ होऊ नयेत म्हणून तळवा अलगद टेकवून तारा थांबवाव्या लागतात.

प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी छोटी लीव्हर असते. ती वर केली की तार अर्ध्या स्वराने चढते. लीव्हर हार्प बहुतेक वेळा ‘ई फ्लॅट मेजर’मध्ये लावतात. ‘ई फ्लॅट’ला षड्ज मानलं की सगळे शुद्ध स्वर हाताशी येतात. मग ‘ए’च्या पाच तारांच्या लीव्हर वर करायच्या: मध्यम तीव्र होतो आणि यमनचे सूर तयार! मींड मात्र या वाद्यावर निघत नाही. म्हणून मी तिच्यावर राग उभा करायला जात नाही, तिच्या मातीतल्याच धून वाजवते.

त्यांतल्या माझ्या सर्वांत लाडक्या टरलॉ ओ’कॅरोलनच्या (१६७०–१७३८). देवीच्या आजारात तरुणपणीच त्याची दृष्टी गेली. मग तो हार्प शिकला आणि घोड्यावरून गावोगाव फिरत जमीनदारांच्या घरी वाजवू लागला. त्याच्या दोनशेहून अधिक रचना आजही वाजतात. पुढे ही परंपरा विझू लागली, तेव्हा १७९२ मध्ये उरलेल्या हार्पवादकांना बेलफास्टला बोलावण्यात आलं. एडवर्ड बंटिंग या १९ वर्षांच्या ऑर्गनवादकाने त्यांचं वादन लिहून घेतलं. २०१९ मध्ये युनेस्कोने आयरिश हार्पवादनाची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

हार्प घरात आली की तिची निगाही आली. नवी तार ताणत राहते आणि पुन्हा पुन्हा उतरते. हिवाळ्यात हीटरमुळे हवा कोरडी पडते, म्हणून वाद्य त्यापासून लांब ठेवायचं. तारांच्या ओढीने साउंडबोर्ड वर्षानुवर्षांत थोडा पुढे फुगतो. ते स्वाभाविक आहे, नवशिक्याने घाबरू नये. मी रोज किल्ली घेऊन एकेक खुंटी केसभर फिरवते, कान देऊन ऐकते, मगच पुढची तार. वादनाइतकाच हाही रियाज आहे आणि कान तयार होतो तो इथेच.

मैफल गाजवायची नसेल, स्वतःसाठी वाजवायचं असेल, तर लहान हार्पसारखं सोबतीचं वाद्य नाही. पहिल्याच दिवशी तिच्यातून गोड सूर निघतो. पण विकत घेण्याची घाई करू नका. आधी भाड्याने आणा आणि बोटांची ठेवण शिक्षकाकडूनच शिका. घ्यायची झाली तर शोभेची स्वस्त हार्प टाळा, सगळ्या तारांना लीव्हर असलेलीच निवडा. रोज तारा लावण्याची तयारी असेल, तर चाळिशी काय नि साठी काय, वय आड येत नाही.