आहार, अपोहनाधीन रुग्णांचा

मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्यावर रक्तातील त्याज्य द्रव्ये व जादा पाणी पटलाच्या साहाय्याने काढून टाकण्याच्या क्रियेस अपोहन (डायलिसिस) म्हणतात. निरोगी मूत्रपिंडांचे कार्य अहोरात्र चालते. रक्त-अपोहन मात्र आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सु. चार तास होते. मधल्या काळात साचणारी द्रव्ये आहारानेच मर्यादेत ठेवावी लागतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अपोहन कार्यक्रमामुळे ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचल्याने स्थानिक आहाराचा विचार अगत्याचा ठरतो.

प्रथिने : अपोहनापूर्वी प्रथिने कमी करण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. अपोहनात ॲमिनो अम्ले वाहून जात असल्याने तो पुढे चालू ठेवल्यास स्नायू झिजतात व कुपोषण होते. दररोज शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे १ ते १·२ ग्रॅ. प्रथिने आवश्यक असतात. अंड्याचा पांढरा बलक व ताजी मासळी ही त्यांची चांगली साधने होत.

मीठ व पाणी : मीठ दिवसाला सु. ५ ग्रॅ. पुरते. उरणसारख्या मिठागरांच्या व मासेमारीच्या परिसरात ताजी मासळी प्रमाणात चालते. खारवलेली मासळी, लोणची व पापड वर्ज्य करावे लागतात. मिठाने तहान वाढते, म्हणून ते कमी केल्याविना पाण्याची मर्यादा पाळणे दुष्कर होते. चोवीस तासांतील मूत्राच्या मापात ५०० ते ७५० मिलि. मिळवून येणारे माप ही सर्वसाधारण मर्यादा होय. चहा, पेज व आमटी त्यातच धरतात. जादा पाण्यामुळे सूज व धाप उद्‌भवते.

पोटॅशियम : रक्तात हे वाढल्यास हृदयक्रिया अकस्मात बंद पडू शकते. शहाळ्याचे पाणी, केळी, बटाटे व टोमॅटो यांत ते विपुल असते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकल्यास त्याचे प्रमाण घटते. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असल्याने ते घातक ठरते. कमरक हे फळ त्यातील विषारी द्रव्यामुळे पूर्ण वर्ज्य आहे. तांदळाची भाकरी व भात यांत पोटॅशियम कमी असते.

फॉस्फरस : हा वाढल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कठीण बनतात व त्वचेस कंड सुटते. दूध, सुकामेवा, काट्यांसह खाल्ले जाणारे लहान मासे व कोलापेये यांवर मर्यादा घालतात. फॉस्फरस बांधून ठेवणारी औषधे जेवणाबरोबरच घ्यावी लागतात.

पर्युदर-अपोहन रोज होत असल्याने त्यात पोटॅशियमचे निर्बंध सामान्यतः सैल, पण प्रथिनांची गरज तितकीच असते. प्रत्येकाचे प्रमाण रक्ततपासणीनुसार वैद्य व आहारतज्ज्ञ ठरवितात.