शेंगेतली बुरशी विष कधी बनवते?

भुईमुगाच्या पोत्यात तळापर्यंत हात घालून मूठभर दाणे काढले, की एखाद्या दाण्यावर पिवळट-हिरवी भुकटी दिसते. ही ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी. ती अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष बनवू शकते. पण नेहमीच बनवते असं नाही.

विष बनवण्याची कृती बुरशीच्या जनुकांत असते. जनुक म्हणजे पेशीत साठवलेली सूचना. या विषासाठी पंचवीसेक जनुकं लागतात आणि ती एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. त्यांना जागं करणाऱ्या प्रमुख जनुकाचं नाव ‘एएफएल-आर’. ते गप्प असेल, तर बाकीचीही जवळजवळ गप्पच राहतात.

ते जागं कधी होतं? इथेच बहुतेकांची गल्लत होते. बुरशी सर्वांत जोमानं वाढते ती 35 ते 37 अंशांना. विष मात्र सर्वाधिक बनतं 28 ते 30 अंशांना. 37 अंशांना बुरशी फोफावते, पण विषाची जनुकं मंदावतात. म्हणून बुरशी किती दिसते यावरून विषाचा अंदाज बांधू नये. अन्नाचाही परिणाम होतो: साखर मिळाली की ही जनुकं कामाला लागतात, नुसत्या प्रथिनांवर बुरशी वाढते पण विष फारसं करत नाही.

आता शेतात येऊ. ही बुरशी मातीतच असते आणि शेंगही मातीतच पोसते. निरोगी शेंग बुरशीला अडवणारी द्रव्यं स्वतः तयार करते. दाणे भरताना पाण्याचा ताण पडला, की ती क्षमता ढासळते. मला विचाराल तर शक्य असेल तिथे शेवटच्या आठवड्यांतलं एक पाणी चुकवू नये.

काढणीनंतरची चूक याहून मोठी. ओल्या शेंगांचा ढीग करून वर ताडपत्री टाकली, की आत ऊब आणि दमटपणा दोन्ही कोंडतात. शेंगा पातळ पसराव्यात. दाण्यातला ओलावा 7-8 टक्क्यांवर यायला हवा. शेंग कानाशी हलवून पाहा, दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा चोळला की तांबडं साल सुटलं पाहिजे. ओल राहिली तर मक्यातही हेच विष होतं: 1974 साली गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात अवेळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली होती.

वाळवलेलं पोतं थेट फरशीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका; खाली फळ्या घाला. नाहीतर ओल पुन्हा चढते.

घरी निवडताना सुरकुतलेला, काळपडलेला, कडवट दाणा बाजूला काढा. भाजल्यानं बुरशी मरते, विष पूर्ण जात नाही.

आणि काढलेले दाणे गुरांपुढे टाकू नका. 1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी दूषित शेंगदाणा पेंडीनं मेले, तेव्हाच हे विष उजेडात आलं. गाईनं असे दाणे खाल्ले, तर विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध आपल्याच घरातली मुलं पितात.