एचआयव्हीसह जगणारे तरुण : भेदभाव, गोपनीयता आणि महाविद्यालयांची जबाबदारी

प्रस्तावना

भारतात एचआयव्ही संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये तत्कालीन मद्रास येथे झाली. त्यानंतर बराच काळ या संसर्गाकडे मृत्यूची पूर्वसूचना म्हणूनच पाहिले गेले. १ एप्रिल २००४ पासून देशातील निवडक शासकीय रुग्णालयांतून एआरटी उपचार विनामूल्य मिळू लागले व पुढे त्यांचा विस्तार झाला. परिणामी, जन्मतः संसर्ग झालेली जी बालके पूर्वी अनेकदा अल्पवयातच दगावत, ती आज महाविद्यालयीन वयात येऊन पोहोचली आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत असून राज्यांमध्ये महाराष्ट्रातील संख्या सर्वाधिक आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ रुग्णालयांचा राहिलेला नाही, तो वर्गखोल्यांचा व वसतिगृहांचाही झाला आहे. या तरुणांच्या वाट्याला येणाऱ्या भेदभावाचे स्वरूप, त्यामागील कारणे आणि त्यासंदर्भात महाविद्यालयांवर येणारी जबाबदारी यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कलंक आणि भेदभाव

कलंक ही मनातील धारणा होय. भेदभाव ही त्या धारणेतून घडणारी कृती होय. एचआयव्हीच्या बाबतीत कलंकाची मुळे दोन आहेत. स्पर्शाने, एकत्र जेवणाने किंवा शेजारी बसण्याने संसर्ग होतो ही भीती हे पहिले मूळ, तर या संसर्गाचा संबंध थेट चारित्र्याशी जोडणे हे दुसरे मूळ होय.

तरुणांच्या बाबतीत दुसरे मूळ अधिक घातक ठरते. बाधित बालकाकडे समाज ‘निष्पाप’ म्हणून दयेने पाहतो. तेच बालक एकोणीस-वीस वर्षांचे झाले की दयेची जागा संशय घेतो आणि ‘संसर्ग झाला कसा?’ हा प्रश्न पुढे येतो. ‘निष्पाप’ या शब्दात कोणीतरी दोषी असल्याचे आधीच गृहीत धरलेले असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. संसर्गाचे कारण कोणतेही असो, त्यावरून शिक्षणाचा हक्क ठरत नाही.

वैद्यकीय वास्तव

एचआयव्हीचा संसर्ग असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि बाधित मातेकडून बाळाला या मार्गांनी होतो. सहवासातून तो होत नाही. नियमित एआरटी उपचारांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीतही आढळणार नाही इतके खाली आणता येते. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतूनही जोडीदाराला संसर्ग होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र हे ज्ञान समाजात पुरेसे पोहोचलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील केवळ २१.६ टक्के स्त्रियांना व ३०.७ टक्के पुरुषांना एचआयव्हीविषयी सर्वंकष माहिती होती.

शिक्षणसंस्थांमधील भेदभाव

शिक्षणसंस्थांमधील भेदभावाची काही उदाहरणे सर्वज्ञात आहेत. २००३ मध्ये केरळातील कोल्लम जिल्ह्यात दोन अनाथ भावंडांच्या शालेय प्रवेशास विरोध झाला. तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी त्या मुलांना जाहीरपणे जवळ घेतले, तेव्हा त्या घटनेकडे देशाचे लक्ष वेधले गेले. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातील एका गावात बाधित मुलांच्या शाळाप्रवेशास ग्रामस्थांनी विरोध केला. २०१४ मध्ये गोव्यातील रिवण येथे एचआयव्हीच्या कारणावरून १३ मुलांना एका शाळेतून दूर करण्यात आले. या घटनांमध्ये एक समान सूत्र आढळते. मुलांच्या संसर्गाची वार्ता आधी गावभर पोहोचली, पालकांचा दबाव वाढला आणि त्या दबावाची किंमत मुलांना मोजावी लागली.

महाविद्यालयात असा उघड बहिष्कार क्वचित दिसतो. येथील भेदभाव सूक्ष्म असतो आणि तो बहुधा माहिती उघड करण्याच्या सक्तीतून सुरू होतो. एआरटी केंद्राला ठरावीक दिवशी भेट द्यावी लागते. त्या दिवसाच्या गैरहजेरीचे कारण विचारले जाते आणि पुरावा म्हणून जोडावयाच्या कागदावर केंद्राचे नाव असते. वसतिगृहात रोजची गोळी सोबत्यांच्या नजरेआड घ्यावी लागते. रक्तदान शिबिरात ‘तू का देत नाहीस?’ हा सहज विचारलेला प्रश्नही त्या विद्यार्थ्याची कोंडी करतो. सत्य सांगावे तर बहिष्काराची भीती आणि लपवावे तर गोळी चुकण्याचा धोका, अशा पेचात तो सापडतो. गोळ्या वारंवार चुकल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणजेच भेदभावाची केवळ भीतीसुद्धा प्रकृतीवर प्रत्यक्ष परिणाम करते.

कायदेशीर तरतुदी

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच एका महत्त्वपूर्ण निकालात, कामास सक्षम असलेल्या व इतरांना धोका नसलेल्या व्यक्तीस केवळ एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. पुढे संसदेने एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ संमत केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यातील पुढील तरतुदी शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत :

१) शिक्षण नाकारणे, ते खंडित करणे किंवा शिक्षणात अन्यायकारक वागणूक देणे यांस कलम ३ अन्वये मनाई आहे. प्रवेशाची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी मागता येत नाही. बाधित व्यक्तीसोबत राहणाऱ्या कुटुंबीयांनाही हे संरक्षण आहे.

२) माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही (कलम ५). कायद्यातील अपवाद वगळता कोणासही आपली एचआयव्हीविषयक स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही (कलम ८).

३) शंभर किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नियुक्त करणे आवश्यक आहे. राज्यस्तरावर लोकपालाचीही तरतूद आहे.

महाविद्यालयांची जबाबदारी

कायद्याची अंमलबजावणी महाविद्यालयाच्या दैनंदिन व्यवहारातून होत असते. दीर्घकालीन उपचार घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांसाठी, मग तो मधुमेह असो, क्षयरोग असो वा अन्य काही, हजेरीच्या सवलतीची एकच पद्धत असावी. आजाराचे नाव न लिहिता, नियुक्त प्राध्यापकाच्या शिफारशीवर ती सवलत मिळावी. असे झाल्यास बाधित विद्यार्थी इतरांपासून वेगळा काढला जाणार नाही. प्राध्यापकास विश्वासाने सांगितलेली गोष्ट सद्हेतूनेही कर्मचारी कक्षात चर्चिली जाऊ नये. विद्यार्थ्याच्या परवानगीविना ती प्राचार्यांनाही सांगितली जाऊ नये.

१ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनी राष्ट्रीय सेवा योजना व रेड रिबन क्लबमार्फत होणारे कार्यक्रम उपयुक्त आहेत. तथापि, सभागृहातील सर्वजण बाधित नाहीत, हे गृहीत धरूनच बहुतेक व्याख्याने दिली जातात. ‘टाळा’, ‘वाचा’, ‘सावध राहा’ एवढेच ऐकणाऱ्या बाधित विद्यार्थ्याला आपण इतरांसाठी एक धोका आहोत, असाच संदेश मिळतो. प्रतिबंधाबरोबरच उपचार, हक्क आणि १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी यांची माहितीही तेथे दिली गेली पाहिजे.

समारोप

एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणाच्या शिक्षणात आज मुख्य अडसर आजाराचा राहिलेला नाही. तो माहिती फुटण्याच्या भयाचा आहे. ही माहिती पुष्कळदा संस्थेतील अर्ज, नोंदी आणि अनवधानाने होणाऱ्या संभाषणांतून बाहेर पडते. त्यामुळे हे भय दूर करणे बऱ्याच अंशी महाविद्यालयांच्या हातात आहे. वर्गात कोण बाधित आहे हे प्राध्यापकांस ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही. असा विद्यार्थी आपल्या वर्गात असू शकतो, हे गृहीत धरून शब्द, नियम व व्यवहार ठरविणे हीच भेदभावमुक्त महाविद्यालयाची पहिली पायरी होय.