युक्तीला कुलूप लावता येतं का?

मुलांनो, सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं निघालात की तुळजापूर तालुक्यातलं नळदुर्ग लागतं. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीला दगडी बंधारा घातलेला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात चक्क एक महाल आहे! त्याचं नाव पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास तो बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली की जादा पाणी 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून धो धो कोसळतं आणि महालाच्या खिडकीतून ते बघता येतं.

आता कल्पना करा. महाल बांधणाऱ्यानं सुलतानाकडून फर्मान घेतलं असतं : "बंधाऱ्याच्या पोटात खोली बांधायची ही युक्ती माझी. वीस वर्षं दुसऱ्या कुणी ती वापरायची नाही. स्वतःच्या डोक्यानं सुचली तरी नाही!" तर?

असं फर्मान आजही मिळतं. ते सरकार देतं आणि त्याला म्हणतात 'पेटंट'. शोध लावणाऱ्यानं आपली युक्ती सरकारदरबारी सविस्तर लिहून द्यायची आणि बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं तिच्यावर एकट्याचा हक्क मिळवायचा, असा हा सौदा. नवं यंत्र, नवं औषध यांना पेटंट मिळतं. पण संगणकाच्या आज्ञावलीला, म्हणजे सॉफ्टवेअरला, ते द्यावं का? यावरून जगभर मोठं भांडण झालेलं आहे.

पुस्तक वेगळं, पुरणपोळी वेगळी

समजा, तुमच्या आजीनं पुरणपोळीच्या कृतीचं पुस्तक लिहिलं. ते जसंच्या तसं छापून विकायला दुसऱ्याला बंदी. हा झाला कॉपीराइट. पण शेजारच्या काकू स्वतःच्या शब्दांत कृती लिहू शकतात, पोळ्याही लाटू शकतात. पेटंट मात्र थेट कृतीवरच असतं. 'पुरण शिजवून पोळीत भरणे' याचंच पेटंट कुणी घेतलं, तर काकूंना पोळी लाटण्याआधी परवानगी काढावी लागेल!

आज्ञावलीला कॉपीराइट असतोच. प्रश्न आहे तो तिच्यातल्या युक्तीचा.

चित्रांची गोष्ट

एक खेळ करून बघा. सहलीच्या निबंधात 'नळदुर्गचा किल्ला' हे शब्द वीस वेळा आले. कोपऱ्यात लिहा : नळदुर्गचा किल्ला = १. मग पुढं सगळीकडे नुसता '१' लिहा. निबंध केवढा आखडला! संगणकही मोठी चित्रं अशाच तऱ्हेनं, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे हेरून, लहान करतो.

अशीच एक सुधारलेली पद्धत १९८४ मध्ये टेरी वेल्च यांनी एका नियतकालिकात छापली. तिचं नाव एलझेडडब्ल्यू. तिच्या आधारे १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं 'जिफ' हा चित्रांचा प्रकार काढला. होय, हलणारी चित्रं असतात तोच! लोकांनी तो मनसोक्त वापरला. पण त्या पद्धतीसाठी १९८३ मध्येच पेटंटचा अर्ज झालेला होता. पुढं ते पेटंट युनिसिस कंपनीकडे आलं आणि डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जाहीर झालं की, जिफ वापरणाऱ्या आज्ञावल्या विकायच्या तर परवाना घ्या, पैसे भरा. सात वर्षं सगळ्यांनी वापरल्यावर!

फुकट वाटल्या जाणाऱ्या काही आज्ञावल्यांनी तर जिफ बनवण्याची सोयच काढून टाकली. पण काही प्रोग्रॅमर रडत बसले नाहीत. १९९५ मध्ये त्यांनी पेटंटच्या कचाट्याबाहेरचा नवा प्रकार आखायला घेतला आणि १९९६ मध्ये तो तयार झाला. त्याचं नाव पीएनजी. अनेक फोन स्क्रीनशॉट काढतात तो याच प्रकारात. एलझेडडब्ल्यूचं अमेरिकेतलं पेटंट २००३ मध्ये संपलं.

खुल्या आज्ञावलीला धाक कसला?

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस तोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही बघा, शिका, बदला, वाटा! याला म्हणतात 'ओपन सोर्स'. तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे.

आता गोम बघा. एका आज्ञावलीत हजारो छोट्या युक्त्या असतात. त्यातल्या कुठल्या युक्तीवर कुणाचं पेटंट आहे, हे शोधणार कसं? मोठी कंपनी वकील लावते, परवान्याचे पैसे भरते आणि ते गिऱ्हाइकाकडून वसूल करते. जो फुकट वाटतो, त्यानं ते कुठून आणायचे? किती प्रती वाटल्या गेल्या, हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं!

दुसरी बाजूही ऐकायला हवी. कंपन्या म्हणतात, "आम्ही वर्षानुवर्षं खपून शोध लावतो. दुसऱ्यानं आयता उचलला, तर मेहनत करायची कशाला?" म्हणणं अगदीच चूक नाही. पण वीस वर्षं म्हणजे संगणकाच्या दुनियेत एक युगच, नाही का?

आपल्या देशात काय?

आपला पेटंट कायदा १९७० चा. २००२ च्या दुरुस्तीनं त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलं गेलं की, गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ संगणक-आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. डिसेंबर २००४ मध्ये सरकारनं वटहुकूम काढून हे दार थोडं किलकिलं केलं. डाव्या पक्षांनी आणि खुल्या आज्ञावल्यांच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. मार्च २००५ मध्ये संसदेनं कायदा मंजूर केला, तेव्हा तो बदल गाळलेला होता. त्याच वर्षी जुलैत युरोपच्या संसदेनंही अशा पेटंटांचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

मग भांडण मिटलं? छे! सगळा वाद आता 'निव्वळ' या एका शब्दावर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं की, आज्ञावलीवर आधारलेल्या शोधातून तांत्रिक परिणाम साधत असेल, तर त्याला सरसकट नकार देऊ नये. म्हणून प्रत्येक अर्ज नीट पारखावा लागतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात.

आता तुमची पाळी

दोस्तांनो, हा वाद फक्त वकिलांचा नाही. नळदुर्गच्या शाळेतली एखादी मुलगी उद्या छानशी आज्ञावली लिहील. "हे कुणाच्या मालकीचं तर नाही ना?" अशा धास्तीनं तिचा हात अडखळू नये, एवढ्यासाठी हे सगळं.

तेव्हा कामाला लागा! लिबरऑफिससारख्या खुल्या आज्ञावल्या शिकवणारे धडे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीतूनही मिळतात. पालकांनो, मुलांसोबत तुम्हीही बसा. आणि मुलांनो, एखादी आज्ञावली घेताना तिचा परवाना जरूर वाचा. 'बघा, बदला, वाटा' असं त्यात लिहिलेलं असेल, तर बिनधास्त आत डोकावा. कुणाच्या तरी मेहनतीनं ते दार तुमच्यासाठी उघडं राहिलेलं आहे!