इंटरकूलर केवढा हवा?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. त्याच्याकडे दीड लिटरची डिझेल मोटार आहे. चेहरा थोडा पडलेला होता.

"सर, गाडीला नवा इंटरकूलर बसवला. मूळच्याच्या दुप्पट मोठा. पण जोर काही वाढला नाही. उलट घाटात रेडिएटरचं पाणी उकळायला लागलं. आणि पाय दाबला की गाडी आधी विचार करते, मग पळते!"

"केवढा मोठा हवा, याचा हिशेब केला होतास का?" मी विचारले.

"हिशेब कसला, सर? जितका मोठा तितका चांगला, असं सगळेच म्हणतात."

बारावीत उष्णतेची गणिते चोख सोडवणारा हा मुलगा! ती गणिते मोटारीच्या बॉनेटखाली उपयोगी पडतील, असे त्याला वाटलेच नव्हते. मग आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब तुम्हीही आमच्याबरोबर करून पाहा.

एंजिनाचा श्वास

एंजिन इंधनावर चालते हे खरे, पण ते निम्मेच सत्य आहे. इंधन जळायला हवा लागते. १ किलोग्रॅम पेट्रोल पुरते जळण्यासाठी सुमारे १५ किलोग्रॅम हवा लागते. डिझेलचे प्रमाणही साधारण तेवढेच आहे. म्हणून एंजिनाची ताकद ते एका वेळी किती वजनाची हवा आत घेते यावर ठरते. येथे 'वजनाची' हा शब्द महत्त्वाचा आहे. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते, पण तेवढ्याच जागेत हवा विरळ भरायची की दाट, हे आपल्या हाती असते.

हवा दाबून दाट करावी ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरचे पेटंट घेतले. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंत बरीच ऊर्जा फुकट जात असते. त्या वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून एंजिनात ढकलायची, अशी ही युक्ती आहे.

दाबले की तापते

येथेच एक अडचण उभी राहते. ती तुमच्या ओळखीची आहे. सायकलच्या चाकात भराभर हवा भरल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. चटका बसतो. हवा दाबताना आपण तिच्यावर कार्य करतो आणि ते कार्य उष्णतेच्या रूपाने हवेतच राहते.

टर्बोचार्जरमध्ये नेमके हेच घडते. समजा, बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सियस, म्हणजे ३०८ केल्व्हिन आहे. हवेचा दाब १ बारवरून २ बार केला आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर हवेचे निरपेक्ष तापमान सुमारे १.२२ पट होते. म्हणजे ते साधारण ६८ अंशांनी वाढते. पण कोणतेच यंत्र आदर्श नसते. दाबणाऱ्या चक्राची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर वाढ ६८ अंशांची न राहता सुमारे ९६ अंशांची होते. एंजिनाकडे निघालेली हवा आता १३१ अंश सेल्सियसवर, म्हणजे ४०४ केल्व्हिनवर आहे. उकळत्या पाण्याहूनही गरम!

गरम हवा विरळ असते. दाब दुप्पट केला म्हणून घनता दुप्पट झाली का? वायूंच्या नियमानुसार घनता दाबाच्या सम प्रमाणात आणि निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून घनता झाली २ × ३०८ ÷ ४०४, म्हणजे सुमारे १.५२ पट. जवळजवळ निम्मा फायदा उष्णतेने खाल्ला.

तोटा एवढाच नाही. पेट्रोल एंजिनात हवा फार गरम असेल, तर मिश्रणाचा काही भाग ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेट घेतो. सिलिंडरमध्ये ठोके पडतात आणि दट्ट्याला इजा होऊ शकते. डिझेल एंजिनात ज्वलनाचे तापमान वाढून नायट्रोजनची घातक ऑक्साइडे अधिक तयार होतात.

यावर उपाय एकच. दाबलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी थंड करायची. हे काम करणारा तो इंटरकूलर. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सुमारास 'स्पिटफायर' विमानांत आलेल्या दोन टप्प्यांच्या 'मर्लिन' एंजिनांत तो होता. 'पोर्शे ९११ टर्बो' या मोटारीला तो १९७८ मध्ये मिळाला. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक डिझेल मोटारींत आणि ट्रकमध्ये तो असतो.

बशीतला चहा

इंटरकूलरची रचना रेडिएटरसारखीच असते. दाबलेली गरम हवा चपट्या नळ्यांतून वाहते. नळ्यांमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ, दुमडलेल्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामधून बाहेरचा वारा जातो. चहा गरम असला की आपण तो बशीत ओततो ना? कपातला चहा तोच, पण बशीत त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि तो लवकर निवतो. इंटरकूलर ही हवेची बशीच समजा.

मग बशी जितकी मोठी तितकी बरी, असे का नाही?

आधी थंड होण्याचा नियम पाहू. नळीच्या एका ठरावीक लांबीत हवेचे जास्तीचे तापमान निम्मे होते असे समजू. जास्तीचे म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा अधिक असलेले. आपल्या उदाहरणात ते ९६ अंश आहे. पहिल्या भागानंतर ४८ उरले. तेवढ्याच लांबीचा दुसरा भाग जोडला तर २४, तिसरा जोडला तर १२ आणि चौथा जोडला तर ६. पहिल्या भागाने ४८ अंश काढून घेतले, पण चौथ्याने फक्त ६! पदार्थ निवत आला की त्याचा निवण्याचा वेगही कमी होतो, हे न्यूटनचे निरीक्षण तुम्ही शिकला आहातच.

आता जमाखर्चाची दुसरी बाजू. अरुंद नळ्यांतून वेगाने वाहताना हवेला घर्षणाचा विरोध होतो आणि तिचा दाब घटतो. समजा, प्रत्येक भागात ०.०६ बार दाब खर्च होतो. एकापुढे एक चार भाग जोडले तर ०.२४ बार गेला. टर्बोचार्जरने कमावलेल्या १ बारपैकी जवळजवळ चतुर्थांश!

दोन्ही बाजू एकत्र मांडू. एंजिनापाशी हवेची घनता बाहेरच्या हवेच्या किती पट होते ते पाहा:

इंटरकूलर नाही : १३१ अंश, दाब २.०० बार, घनता १.५२ पट
एक भाग : ८३ अंश, दाब १.९४ बार, घनता १.६८ पट
दोन भाग : ५९ अंश, दाब १.८८ बार, घनता १.७४ पट
तीन भाग : ४७ अंश, दाब १.८२ बार, घनता १.७५ पट
चार भाग : ४१ अंश, दाब १.७६ बार, घनता १.७३ पट

शेवटच्या ओळीवर माझ्या विद्यार्थ्याची पेन्सिल थांबली. चौथ्या भागाने हवा आणखी थंड झाली खरी, पण घनता वाढण्याऐवजी घटली. "म्हणजे मी दोनावरून चारावर गेलो!" तो म्हणाला. त्याच्या गाडीचे नेमके आकडे वेगळे असतील, पण आलेखाचे वळण हेच.

लांबी की रुंदी?

एक चलाख प्रश्न तुमच्या मनात आला असेल. नळ्या लांब करण्याऐवजी त्यांची संख्या वाढवली तर? फार चांगली सूचना! नळ्या दुप्पट केल्या तर प्रत्येकीतल्या हवेचा वेग निम्मा होतो. खळबळत्या प्रवाहात दाबाची घट साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती सुमारे चतुर्थांश होते. म्हणूनच दोन इंटरकूलरची तुलना केवळ त्यांच्या आकारमानावरून करू नये. हवेला किती वाटा आहेत आणि प्रत्येक वाट किती लांब आहे, हे पाहावे.

पण येथेही मर्यादा आहे. हवा फारच संथ वाहिली तर ती नळीच्या भिंतीशी नीट घुसळली जात नाही. मधली हवा गरमच राहते. चमच्याने चहा ढवळण्याचा फायदा येथे गमावला जातो.

वाऱ्याचे काय?

दीड लिटरचे चार-धावी एंजिन दोन फेऱ्यांत एकदा दीड लिटर हवा घेते. मिनिटाला ४,००० फेऱ्या असतील तर सेकंदाला ५० लिटर. ३५ अंशांच्या साध्या हवेचे वजन लिटरला सुमारे १.१३ ग्रॅम असते. घनता १.७४ पट धरली तर सेकंदाला सुमारे ९८ ग्रॅम हवा झाली. हवेची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला आणि अंशाला सुमारे १,००० ज्यूल असते. ही हवा ७२ अंशांनी निववायची, तर सेकंदाला सुमारे ७,००० ज्यूल काढून घ्यायला हवेत. म्हणजे ७ किलोवॅट. एक हजार वॅटच्या सात इस्त्र्या एकदम चालू केल्यासारखे!

ही उष्णता कुठे जाते? समोरून येणाऱ्या वाऱ्यात. इंटरकूलरमधून सेकंदाला १ घनमीटर वारा जात असेल तर तो सुमारे ६ अंशांनी तापतो. पण घाटात गाडी हळू चालते आणि वारा कमी मिळतो. वारा पाचव्या हिश्शावर आला तर तीच उष्णता त्याला ३० अंशांनी तापवील. बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे असतो. मग रेडिएटरच्या वाट्याला हा तापलेला, आणि जाड इंटरकूलरने अडवल्यामुळे आणखी मंदावलेला वारा येतो. घाटात पाणी का उकळले, याचा उलगडा झाला.

राहिला 'गाडी आधी विचार करते' हा प्रश्न. इंटरकूलर आणि त्याचे पाइप यांची पोकळी १० लिटर असेल, तर तिचा दाब १ वरून २ बारवर नेण्यासाठी आणखी १० लिटर साधी हवा तिच्यात भरावी लागते. मिनिटाला १,५०० फेऱ्यांना आपले एंजिन सेकंदाला जेमतेम १९ लिटर हवा घेते. त्या वेगाने येणारी सगळी हवा पोकळीतच भरली, तरी अर्धा सेकंद जातो. प्रत्यक्षात एंजिन स्वतःही हवा ओढत असते, म्हणून त्याहून अधिकच वेळ लागतो. पुढच्या वाहनाला ओलांडताना हा उशीर धोक्याचा ठरू शकतो.

तर मग माप कोणते?

हिशेबाचा क्रम असा ठेवावा. एंजिनाला सेकंदाला किती हवा लागते ते काढा. टर्बोचार्जरचा दाब पाहून हवा किती तापेल ते काढा. ती कितीपर्यंत निववायची ते ठरवा. दाबाच्या घटीची मर्यादा आखा. मग मागच्या रेडिएटरचा श्वास न कोंडता समोर किती जागा मिळते ते पाहा. या सगळ्या अटी पाळणारा सर्वांत लहान इंटरकूलर, तोच योग्य.

माझ्या विद्यार्थ्याने मूळचा इंटरकूलर पुन्हा बसवला. पावसाळ्याआधी तो सहकुटुंब घाट उतरून कोकणात जाऊन आला. परत चढताना पाणी उकळले नाही, असे त्याने मुद्दाम कळवले.

करून पाहा

शीतपेयाच्या तीन नळ्या घ्या. त्या टोकाला टोक जोडून चिकटपट्टीने सांधा आणि फुंकर मारा. मग त्याच तीन नळ्या शेजारी शेजारी धरून फुंका. जोर कुठे जास्त लागतो आणि का?

आणि हे गणित सोडवा: टर्बोचार्जर बदलल्यामुळे हवेचे जास्तीचे तापमान ९६ ऐवजी ४८ अंशच असेल, पण दाब २ बारच असेल, तर किती भागांचा इंटरकूलर सर्वांत फायद्याचा ठरेल? वरच्यासारखा तक्ता मांडा. उत्तर पाहून तुम्हाला थोडे आश्चर्य वाटेल.