पेट्रोलियम: दगड आणि ऑलिव्ह

पेट्रोलियम या शब्दात ऑलिव्हचं झाड दडलंय, हे कळलं तेव्हापासून पेट्रोलपंपावरची पाटी मला वेगळीच दिसते!

ग्रीकमध्ये ‘पेत्रा’ म्हणजे खडक. लॅटिनने तो शब्द जसाच्या तसा उचलला. जॉर्डनमधलं कातळात कोरलेलं पेट्रा शहर आणि येशूचा शिष्य पीटर, दोघांची नावं याच कुळातली. पण खरी गंमत दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. ऑलिव्हला ग्रीकमध्ये ‘एलाइआ’ आणि त्याच्या तेलाला ‘एलाइओन’ म्हणत. त्यावरून लॅटिनमध्ये ‘ओलेउम’ आला. भूमध्य समुद्राकाठी तेल म्हणजे ऑलिव्हचंच, त्यामुळे हळूहळू हा शब्द कुठल्याही तेलाला लागू झाला. इंग्रजीतला ‘ऑइल’सुद्धा त्याचाच वंशज.

आपल्याकडे अगदी हेच घडलं. तिळापासून निघतं ते तैल, त्याचं झालं तेल. मग शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं, मोहरीचंही तेलच! दोन वेगळ्या पिकांनी दोन भाषांना एकाच वाटेने नेलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

‘खडकतेल’ या अर्थाचा पेट्रोलियम हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये तयार झाला. खनिजांचा अभ्यासक जॉर्जियस अॅग्रिकोला याच्या १५४६ च्या ग्रंथातही तो येतो.

आणि आपलं रॉकेल? तेही ‘रॉक ऑइल’च. इंग्रजांनी लॅटिन शब्दाचं सरळ भाषांतर केलं आणि मराठीने ते आपल्या जिभेवर घोळवून कंदिलात ओतलं.