नवीन इंजिन, जुना फोन: गोडो ४ खरंच स्लो आहे का?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे हेडफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलतानाचे ‘अं...अं’ आणि मागच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढून टाकल्यात.

आजचा विषय एका फोन कॉलमुळे सुचला. मी गोडो ३.५ मध्ये एक छोटा टू-डी गेम केला होता, पतंगांचा. आकाशात भरपूर पतंग, ढग, मांजा, बस्स. नंतर हौसेने तो गोडो ४.२ वर नेला. माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखा चालला. मग एपीके बार्शीच्या मावसभावाला पाठवलं. त्याचा फोन चार-पाच वर्षं जुना, बजेटवाला. संध्याकाळी त्याचा कॉल: “दादा, आधीचाच गेम पाठव ना. हा अडकतोय.”

आता गंमत अशी की माझा गेम खेळणारे लोक म्हणजे तो आणि त्याची मित्रमंडळी. त्यांच्या फोनवर अडकत असेल तर माझा लॅपटॉप काय सांगतो याला काडीची किंमत नाही. म्हणून मी नीट खणायला बसलो.

आधी ओळख करून देतो. गोडो हे फुकट आणि ओपन सोर्स गेम इंजिन. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मांझूर यांनी सुरू केलं, २०१४ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. ३.० आलं जानेवारी २०१८ मध्ये आणि ४.० आलं १ मार्च २०२३ ला. या दोन्हींच्या मधे चित्र काढणारा भाग, म्हणजे रेंडरर, जवळजवळ नव्याने लिहिला गेला. ३ मध्ये सगळं ओपनजीएल ईएसवर होतं. ४ चा मुख्य भर व्हल्कनवर आहे. म्हणजे इंजिनाला नुसता नवा रंग दिलेला नाही, आतली मोटरच बदलली आहे.

मग स्लो का झालं? त्याआधी मोजमापाची एक चूक सांगतो, कारण ती मीही केली. आपण सगळे एफपीएस बघतो. समजा रिकाम्या सीनमध्ये जुन्या आवृत्तीत ६०० एफपीएस मिळाले आणि नवीनमध्ये ३००. “अरे, अर्धा स्पीड!” असं वाटतं. पण एका फ्रेमला लागणारा वेळ बघा. ६०० म्हणजे १.६७ मिलिसेकंद, ३०० म्हणजे ३.३३. फरक फक्त १.६७ मिलिसेकंदांचा. उलट ६० वरून ५० वर आलात तर १६.६७ वरून २० मिलिसेकंद, म्हणजे ३.३३ चा फरक. दिसायला छोटी वाटणारी घसरण खरं तर दुप्पट महाग आहे. त्यामुळे एफपीएस नाही, मिलिसेकंद लिहून ठेवा.

आता मूळ मुद्दा. एक माणूस स्टँडवरून घरी सोडायचा असेल तर रिक्षा बरी. त्याच्यासाठी एसटी काढली तर डिझेल, ड्रायव्हर, कंडक्टर असा सगळा खर्च एकट्यावर. पण अख्खी वरात न्यायची असेल तर एसटीच स्वस्त पडते. गोडो ४ चा फॉरवर्ड प्लस रेंडरर ही एसटी आहे. प्रत्येक फ्रेमला त्याचा ठरलेला खर्च जास्त. पण तो दृश्याचे छोटे छोटे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात ज्या दिव्यांचा उजेड पडतो तेवढ्यांचाच हिशोब करतो. लांबच्या मॉडेल्सची हलकी रूपं इंजिन आपोआप तयार करतं. मोठा थ्री-डी सीन आणि भरपूर दिवे असतील तर ही मेहनत वसूल होते. माझ्या पतंगांच्या गेममध्ये मात्र एसटीत एकच प्रवासी.

“पण मोबाईलसाठी वेगळा रेंडरर आहे ना?” असं कोणीतरी विचारणारच. आहे. गोडो ४ मध्ये तीन आहेत: फॉरवर्ड प्लस, मोबाईल आणि कॉम्पॅटिबिलिटी. फॉरवर्ड प्लस निवडून प्रोजेक्ट केला तरी फोनवर डिफॉल्टने मोबाईलवाला चालतो. आणि इथेच मी फसलो. नाव ‘मोबाईल’, म्हणजे सगळ्या मोबाईलसाठी असं मी धरून चाललो. तोही व्हल्कनवरच चालतो, नव्या आणि ताकदीच्या फोनसाठी तो छान आहे. जुन्या आणि स्वस्त फोनसाठी, साध्या टू-डी गेमसाठी कॉम्पॅटिबिलिटी आहे, जो ओपनजीएल ईएस ३.० वर चालतो. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं, चूक माझी.

दुसरं कारण बॅचिंगचं. किराणा दुकानातून दहा वस्तू आणायच्यात. प्रत्येक वस्तूसाठी वेगळी फेरी मारलीत तर पाय दुखणार. यादी करून एका फेरीत आणलंत तर काम झालं. सीपीयू जीपीयूला “हे काढ” असं सांगतो त्याला ड्रॉ कॉल म्हणतात, आणि एकसारखी चित्रं एकाच फेरीत पाठवणं म्हणजे बॅचिंग. गोडो ३.५ मध्ये टू-डी बॅचिंग होतं. ४.० मध्ये ते फक्त कॉम्पॅटिबिलिटीत आलं. बाकीच्या दोन रेंडररना ते मिळालं ४.४ मध्ये, मार्च २०२५ ला. माझ्या ४.२ वरच्या मोबाईल रेंडररमध्ये प्रत्येक पतंगासाठी बिचारा सीपीयू वेगळी फेरी मारत होता.

तिसरं, तो पहिला झटका. गेम मस्त चाललाय, पहिल्यांदा स्फोट होतो आणि क्षणभर सगळं थांबतं. दुसऱ्या स्फोटाला काही नाही. कारण त्या इफेक्टचा शेडर आपल्या जीपीयूसाठी ऐनवेळी तयार होत असतो. गिऱ्हाईक टेबलावर बसल्यावर मिसळवाल्याने कांदा चिरायला घ्यावा, तसं. ३.५ मध्ये यावर उपाय आला होता, ४ च्या व्हल्कन रेंडररमध्ये नीट उपाय ४.४ पासून आला. आता बरीचशी तयारी आधीच होऊन बसते.

आणि हो, नवीनमध्ये सगळंच महाग नाही. तुम्ही जीडीस्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचा टाइप लिहिलात तर ३ मध्ये त्याचा उपयोग फक्त चुका पकडायला व्हायचा. ४ मध्ये टाइप माहीत असला की इंजिन जास्त वेगवान सूचना वापरतं. म्हणजे थोडं जास्त टायपिंग करा, स्पीड फुकट. कोड तसाच ठेवून “नवीन आवृत्ती स्लो” म्हणणं बरोबर नाही.

स्वतः तुलना करायची असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, डीबग बिल्ड नको, रिलीज बिल्डच घ्या. दोन, रिकामा सीन मोजू नका, तुमच्या गेममधला सगळ्यात गर्दीचा सीन मोजा. तीन, व्हीसिंक चालू असेल तर ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर दोन्ही आवृत्त्या ६० च दाखवतील, एकीला ४ मिलिसेकंद लागत असले आणि दुसरीला १५ तरी. आतला वेळ प्रोफायलरमध्ये बघा. चार, फोनवर निदान पंधरा मिनिटं खेळा. फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि खेळणारा माणूस तापलेल्या फोनवरच खेळत असतो.

तर मी काय केलं? रेंडरर बदलून कॉम्पॅटिबिलिटी केला, टाइप लिहिले, पुन्हा एपीके पाठवलं. मावसभावाचा मेसेज आला: “आता जमलं दादा.” पण त्याच्या एका मित्राचा फोन आणखी जुना. त्याच्यावर गेम उघडायलाच वेळ लागतो आणि फोन तापतो. त्याच्यासाठी मी ३ वालं बिल्ड ठेवलंय. ३ ची शाखाही बंद पडलेली नाही, ३.६ सप्टेंबर २०२४ मध्ये आलं.

म्हणून “जुनं फास्ट की नवीन?” या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. आधी ठरवा, तुमचा गेम कोणाच्या हातातल्या फोनवर चालणार आहे. इंजिन बदललं की कोणाचा तरी फोन यादीतून गळतो. तो कोणाचा, हे तुम्हाला माहीत असायला हवं. नाहीतर तो तुम्हाला फोन न करता गुपचूप अनइन्स्टॉल करेल. सगळ्यांचे मावसभाऊ कॉल करून सांगत नाहीत!

तुमच्याकडे जुना फोन पडून असेल तर विकू नका, टेस्टिंगला ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत चार्जिंग सांभाळा!